आधी पोहोचलो, तरी हरवलो

प्रिय यशवंता,

तुला आणि सुनंदाला थोरल्याचा जयभीम. मी खुशाल आहे. फोनवर बोलायला गेलं की सगळे ऐकत बसतात, म्हणून पत्र लिहितोय.

विशालनं माझ्या नातीच्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांना खाडीपलीकडे मनोरीला बोलावलं होतं. मार्वेच्या धक्क्याला बोट लागली तसा मी चढून बसलो, मांडीवर केकचा खोका. पलीकडे उतरून बघतो तर आपलं एकही माणूस नाही! मोबाइल विशालच्या पिशवीत. म्हटलं, येतील मागच्या बोटीनं. तासभर बसलो. आणि ही मंडळी मला मार्वेलाच शोधतायत. आता तूच सांग, पोहोचलो मी आणि हरवलोही मीच?

केक मात्र शाबूत होता. पोरगी खूश.

दुसऱ्या दिवशी विशालनं माझ्या गळ्यात कार्ड अडकवलं. त्यावर नाव, फोन आणि पत्ता. पत्ता दहिसरचा घातलाय, आपल्या गावाचं नाव कुठंच नाही. परतीच्या तिकिटाचं विचारलं की सूनबाई चहा टाकायला उठते.

माझ्या शेळ्या तूच बघतोयस ना? विशाल म्हणतो, काकांशी बोलणं झालंय. कसलं बोलणं रे?

मी आठवड्यासाठीच आलो होतो ना?

तुझा दादा,
धोंडिराम