आबांच्या दहाव्याचा वस्तरा

धुळे, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. भूपेंद्रभाऊस,
सारिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं रडणंच ऐकू आलं असतं, म्हणून लिहिते. आबांना अग्नी तू दिलास. दहाव्याला अंजनी नदीच्या काठी वना न्हावी वस्तरा परजून बसला, धाकट्या कुंदननं मुकाट डोकं पुढे केलं, आणि थोरला मुलगा टोपी घालून बाजूला उभा! आई तेव्हापासून तुझ्याशी बोललेली नाही.

तू केस पेरून घेतलेस तेव्हा मीच चिडवलं होतं, की टाळूवर एकरी किती कपाशी येते ते कळव. आता चिडवायची इच्छा मेली. चार केसांपुढे तुला बाप हलका झाला.

उत्तर टाळू नकोस, एवढा तरी लोभ ठेव.
सारिका

एरंडोल, १६ जानेवारी

चि. सौ. सारिकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या धुळ्यातल्या एका दवाखान्यात चाललेल्या संशोधनात माझं डोकं आहे, हे विसरू नकोस. पेरलेले केस औषधानं किती टिकतात ते मोजायला त्यांनी टाळूवर निळा ठिपका गोंदला. सही घेताना तिथला माणूस म्हणाला, मोजणीपर्यंत वस्तरा लावायचा नाही, नाहीतर सगळा अभ्यास बिघडेल. कागद चौदा पानी, इंग्रजीत. मी शब्द दिला होता. खोटं कशाला सांगू, नव्या केसांचा मोहही होताच.

आई ताट वाढते आणि तोंड फिरवते. तूही तसंच करणार असशील तर कर.
तुझा भाऊ

धुळे, २४ जानेवारी

ती. स्व. भाऊस सा. न.

तुझ्यावरचा राग घेऊन त्या दवाखान्यात गेले आणि त्यांच्यावरचा घेऊन परत आले. डॉक्टरीणबाईंनी तोच कागद उघडला. अकराव्या पानावर लिहिलंय, घरी काही कार्य निघाल्यास कळवावं, मोजणी पुढे ढकलता येते. वस्तऱ्यानं पेरलेली मुळं निघत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. एक फोन, भाऊ! एका फोनवर आबांच्या दहाव्याचं क्षौर झालं असतं.

मी विचारलं, एरंडोलच्या कापूसवाल्याला अकरावं पान कुणी वाचून दाखवलं? बाईंनी तो कागद मिटला. मग म्हणाल्या, चूक आमची आहे. मी म्हटलं, तेच माझ्या आईला येऊन सांगा. मराठी कागद झाल्याशिवाय उठणार नाही, असं सांगून दुपारभर बाकावर बसले. शेवटी तो करून द्यायचं त्यांनी लिहून दिलं.

तुला नको ते बोलले. माफ कर.
सारिका

एरंडोल, २ फेब्रुवारी

चि. सौ. सारिकास आशीर्वाद.

परवा आबांचं मासिक झालं. गुरुजी म्हणाले, दहावा एकदाच असतो, आता केलेलं त्यात धरता येत नाही. तरी वनाला बोलावून अंगणातच डोकं भादरून घेतलं. तुझ्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी येऊन आईसमोर हात जोडून गेल्या होत्या. आईनं त्यांना चहा दिला, पण क्षमा केली असं काही म्हणाली नाही.

वना उठल्यावर आई जवळ आली. टाळूवरून हात फिरवताना तिचं बोट त्या निळ्या ठिपक्यावर थांबलं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली, "आते तू तुना बापनामायक दिखस." आबांसारखा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला मात्र दहाव्याची ती टोपी जन्मभर टोचणार आहे.

केस वाढले की मोजणीला येईन, दिलेला शब्द मोडत नाही. मराठी कागद आला आहे. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि येशील तेव्हा तो कागद पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच. आई ऐकणार आहे. माझी नवी सही त्यानंतर.

तुझा भाऊ
भूपेंद्र