चुकायसाठीचा प्रोजेक्ट

आई,

तुज्या पाया पडते. मी हितं दुमक्याला बरी हाय, जेवते बी पोटभर. आबांचा खोकला थांबला का?

हितली माणसं त्यांच्या बोलीत बायबल उतरवून लिवत्यात, मी त्यांना त्याचं सॉफ्टवेअर शिकवते. सरावाचा एकच प्रोजेक्ट समद्यांना दिलाय. काल शिकायला येणाऱ्या फुलमणीमावशींच्या हातनं त्यातला अध्याय पुसला, तर समद्यांच्याच लॅपटॉपवरनं गेला. मावशी रडत घरी निघाल्या. मी म्हणलं, "ह्यो चुकायसाठीच हाय," अन् मुद्दाम आणखी एक पुसला. मग पुसलेलं परत कसं आणायचं ते दाखवलं, अन् दोन्ही त्यांनीच परत आणले. लई हसल्या गं!

भरे गावातल्या कारखान्यात तुला नवी मशीन कुणी नीट शिकवली का? हात जपून घाल. कळलं न्हाई तर लाजू नको, धा येळा विचार.

तुजीच,
करिष्मा