बाईंची वीत

करडी, जि. भंडारा
रविवार, १८ जुलै १९८२

प्रिय चंद्रकला हिला,

अकरा वर्षांचे साठलेले नमस्कार. मागच्या बाजूला माझं नाव वाचूनही तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस, असं धरून पुढे लिहिते.

इकडे सगळे खुशाल आहेत. धानाचे रोवणे जोरात आहेत, म्हणून अर्धी शाळा आयांसोबत बांधीतल्या चिखलात आणि अर्धी वर्गात. माझ्याकडे पहिली आहे. पटावर एकतीस, काल हजर सतरा, त्यातले दोघे शाळेत फक्त झोपायला येतात. सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, तोंड चालतं.

आमचे हे मे महिन्यात पवनीला एका लग्नाला गेले होते. तिथे मांडवात तुझी गाठ पडली. करडीचं नाव निघताच तू माझी चौकशी केलीस, आणि एवढंच विचारलंस म्हणे, की ते मापाचं पुस्तक अजून आहे का. मी त्यांना विचारलं, चंद्रकला दिसते कशी, हात कसे आहेत तिचे? तर म्हणाले, "मी काहून दुसऱ्यायच्या बायकायचे हात पाहू?" सासूबाई हसल्या. मग मीही हसले.

पुस्तक आहे. तेच, ट्रेनिंगच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात आपण दोघींनी बसून केलेलं, खाकी पुठ्ठ्याचं. चित्रं तुझी, वाक्यं माझी. दरवर्षी जुलैत मी ते पेटीतून काढते. सारस पक्ष्याचा पाय वितीने मोजणारी मुलगी, बैलबंडीची लांबी पावलांनी मोजणारा म्हातारा, कोहळ्याभोवती दोरी गुंडाळणाऱ्या दोघी बहिणी, एका पायलीत किती लोटे धान मावतं ते बघणारी आजी. मुलं आधी हसतात, मग आपली आपणच मोजायला लागतात. मागच्या वर्षी एकाने हेडमास्तरांच्या टोपीचा घेर दोरीने मोजला, टोपी डोक्यावर असताना.

पहिल्या पानावर माझा हात आहे, तुला आठवत असेल. मी कागदावर पंजा ताणून धरला आणि तू कडेने पेन्सिल फिरवलीस. खाली लिहिलं, "ही बाईंची वीत. आठ इंच." शेवटच्या पानावर तुझा हात, तो मी काढला. मनगटावरचे गोंदणाचे तीन ठिपके आणि हिरव्या बांगड्या तू नंतर रंगवल्यास. "ही मैत्रिणीची वीत. नऊ इंच. प्रत्येकाची वीत वेगळी, म्हणून सगळ्यांसाठी एक फूटपट्टी."

काम असं आहे, की ते पहिलं पान मुलांच्या हातून फाटलं. तेवढं एक चित्र नवीन काढून पाठवशील? मोठं काही नको. तुझाच हात कागदावर ठेव आणि रेघ ओढ. माझ्या अक्षरावर जाऊ नकोस, पेन नवीन आहे.

तुझी जुनी सोबतीण,
शकुंतला


करडी
सोमवार, २ ऑगस्ट १९८२

चंद्रकला,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन तुलारामला मी रोज विचारते. आता तो मला पाहून लांबूनच मान हलवतो. पवनी काही सातासमुद्रापलीकडे नाही. तुला लिहायचं नसेल, तर लिहायचं नाही असं तरी लिही.

रागाने लिहिलं. तसंच राहू देते, कारण पुन्हा लिहायला मला वेळ लागतो.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. पान मुलांनी फाडलं नाही, मी फाडलं. का, ते आत्ता विचारू नकोस.

वर्गात रुखमिणी नावाची मुलगी आहे. सहा वर्षांची, जनाबाईची लेक. जनाबाई दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जाते, बाप नाही. पुस्तकातली सारस मोजणारी मुलगी म्हणजे आपणच, अशी रुखमिणीची खात्री आहे, कारण दोघींच्या वेण्या सारख्याच तिरप्या. तिच्या उजव्या दंडावर एक फिकट चट्टा आहे. आम्ही एक खेळ खेळतो. डोळे मिटायचे, आणि कोंबडीचं पीस अंगाला कुठे लागलं तिथे बोट ठेवायचं. बाकी सगळीकडे तिने बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर पीस फिरवलं तेव्हा डोळे मिटूनच म्हणाली, "लावा नं बाई आता." मी तीनदा लावलं होतं.

हे काय असतं ते तू जाणतेस. सतरा तारखेला कुष्ठरोगाच्या तपासणीची माणसं शाळेत येणार आहेत. मुलांना तपासतील, मास्तरांना आणि बाईंनाही. त्या दिवशी पोरीला घरी ठेव, असं जनाबाईला सांगावं असं मला वाटतं. एकदा नाव निघालं की गाव त्या दोघींना पाण्यावर येऊ देईल का? हे मी तुझ्याशिवाय कुणाला विचारू? तू गोळ्या किती वर्षं घेतल्यास? त्याने गेलं का? बोटं सरळ राहिली का? त्या मुलीसाठी विचारते आहे.

आणि वसतिगृहातलं. तुझ्या कोपरावरच्या चट्ट्याबद्दल मी निर्मलाबाईंना सांगितलं ते काळजीपोटी. रेक्टर होत्या त्या, त्यांना कळायलाच हवं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, तुलाही तेच सांगते.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

शकुंतला


करडी
सोमवार, १६ ऑगस्ट १९८२

चंद्रकला,

आज आंतरदेशीय पत्र नाही, पाकीट आहे. आत काय ठेवलं आहे ते शेवटी सांगते. शाळा सुटली, मी वर्गातच बसले आहे. घरी हे लिहिता येणार नाही.

बोटं सरळ राहिली का, हे मी रुखमिणीसाठी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी विचारलं होतं. तुझ्याकडून हाताचं चित्र मागितलं तेही त्यासाठीच. रेघ बघून मला कळलं असतं, तुला विचारावं लागलं नसतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक काढलं. दरवर्षीसारखा पहिल्या पानावर उजवा हात ठेवला, चित्र खरं आहे हे मुलांना दाखवायला. अंगठा बरोबर बसला. करंगळी रेघेपर्यंत गेलीच नाही. ती आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. मी जोर लावला, दुसऱ्या हाताने दाबून पाहिलं. मुलं वाट बघत बसली होती. मग रुखमिणी म्हणाली, "बाई, तुमची वीत कमी कायले भरून राहिली? मोठ्या माणसाचा हात लहान होते काय?" मी म्हटलं, थंडीने आखडलाय. जुलै महिन्यात. मुलांनी तेही मानलं, बाई सांगतात म्हणून. त्या दिवशी पान फाडून घरी नेलं आणि चुलीत घातलं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. उन्हाळ्यात चुलीवरून भाताचा गंज उतरवत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "हात भाजून राहिला, तुले समजत नाही काय वो?" खाली पाहिलं तेव्हा कातडी निघाली होती. दुखत नव्हतं. तेव्हापासून उजवा हात पदराखाली असतो. खडू हातातून पडला की मुलं धावून उचलून देतात, त्यांना वाटतं हाही बाईंचा एक खेळ आहे. घरात अजून कुणाला माहीत नाही. निदान मला तसं वाटतं.

महिनाभर मी तुझ्यावर धुमसत होते. एका खोलीत झोपलो, एका ताटात जेवलो, हे तूच मला दिलंस, असं म्हणत भांडी आपटली. मग आठवलं. तू निघालीस त्या दिवशी तुझी सतरंजी मी काठीने दाराबाहेर ढकलली होती. तू पायरीवर उभी राहून पाहत होतीस.

काळजीपोटी नव्हतं ते, चंद्रकला. चट्ट्याचं मला दोन महिने माहीत होतं. तुझ्या कोपरावर गरम चहा सांडला आणि तू हातसुद्धा हलवला नाहीस, तेव्हाच मी ओळखलं. पुढचे दोन महिने मी तुझ्याच शेजारी झोपले, मला कसलीच भीती वाटली नाही. मग आपलं पुस्तक जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवायचं ठरलं. जी ती येऊन म्हणायची, काय चित्रं आहेत. वाक्यांबद्दल एकीनेही तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी मी निर्मलाबाईंच्या खोलीत गेले. चौथ्या दिवशी तुझा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला, आणि मी पुठ्ठ्यावरचं तुझं नाव ब्लेडने खरवडलं. मुलं दरवर्षी त्या जागेवर बोट फिरवून विचारतात, बाई, इथं काय होतं? मी सांगते, उंदराने कुरतडलं.

तू बाई व्हायला हवी होतीस. माझ्यापेक्षा चांगली झाली असतीस, हे तेव्हाही मला माहीत होतं.

काल झेंडावंदनाला जनाबाई आली होती. पोरीचा दंड माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, हे काय होय जी? नायटा होय काय? तुमी सांगान तसं करू." मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की मंगळवारी हिला घरी ठेव. ती घरी राहिली आणि मी रजा टाकली, की दोघींची नावं कुठेच येत नाहीत. रजेचा अर्ज माझ्या पिशवीत तयार होता. चार ओळींना अर्धा तास लागला होता. पेन नवीन नाही, जुनंच आहे.

मी बोलले तेव्हा तुझं वाटोळं झालं. आता गप्प राहिले तर हिचं होईल. त्या मुलीची बोटं अजून सगळी सरळ आहेत. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर तशीच राहतात असं ऐकलं आहे. खरं की खोटं, ते तूच सांगू शकतेस, आणि तू काही सांगत नाहीस. तुझं उत्तर येईपर्यंत थांबावं, असं फार वाटलं. पण तपासणी उद्या आहे.

म्हणून जनाबाईला म्हटलं, हा नायटा नाही. काय आहे तेही सांगितलं. तिने पोरीचा दंड पदराखाली घेतला. मुलं झेंड्याखाली लिमलेटच्या गोळ्या खात होती. तिने विचारलं, "माह्या पोरीले लोक शाळेत बसू देतीन काय?" मी पदराखालून हात काढला आणि तिच्यासमोर धरला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. म्हटलं, मंगळवारी तिच्या वेण्या घालून वेळेवर पाठव, तिच्या आधी रांगेत मी उभी राहीन.

हे कुठल्या हिमतीने बोलले, देव जाणे. उद्या संध्याकाळी मला घरात घेतील की नाही, परवा शाळेत पाय ठेवू देतील की नाही, काही माहीत नाही. सासूबाईंच्या हातात काठी आली तर त्यांना बोल लावायला मला तोंड नाही. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. जिला मी बाहेर काढलं तिच्याच दारात उभी आहे.

पाकिटात दोन कागद आहेत. एक पुस्तकाचं शेवटचं पान, तुझा हात. ठिपके आणि बांगड्या अजून तशाच ताज्या आहेत. त्यावर तुझा आजचा हात ठेव. रेघेला पोचला तर पान तसंच परत पाठव. नाही पोचला तर जिथपर्यंत जाईल तिथे रेघ ओढ आणि तेही पाठव. मला माफ केलंस की नाही, ते लिहू नकोस. ते मागायची माझी लायकी नाही. पुठ्ठ्यावर तुझं नाव पुन्हा लिहिलं आहे. वाकडं आलं आहे, पण माझ्या नावाच्या वर आहे.

दुसऱ्या कागदावर रुखमिणीचा हात आहे. आज दुपारी काढला. ती म्हणाली, बाई, तुमचाही ठेवा बाजूला. ठेवला. तिची वीत पाच इंच, माझी सहा. तिला मोठी गंमत वाटली, बाईंच्या बरोबरीला आल्याची. हा कागद तुझ्याजवळ राहू दे, इथे राहील याचा भरवसा नाही. मी शाळेत नसले तर पुढच्या जुलैत तू ये आणि तिचा हात यावर ठेवून बघ. तिची वीत वाढलेली असली पाहिजे, चंद्रकला. दरवर्षी थोडी थोडी वाढली पाहिजे.

तुझ्या पानाची वाट पाहणारी,
शकुंतला
(वीत सहा इंच, १६ ऑगस्टची)