'खराब' लिहिलेलं पाकीट

प्रिय मिस्तरी,

दुकानात तुला याच नावाने हाक मारायचो, दुसरं लिहायला हात वळत नाही. नऊ वर्षांत साधा फोन नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे याला काय झालं, असं तुला वाटेल. तसं काही नाही. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. बायको शाळेतून निवृत्त झाली आणि आता घरात माझा वर्ग घेते. आपलं कॉम्प्युटरचं दुकान चालू आहे, पण तुझ्या टेबलावर मी कुणाला बसवलं नाही. सुरुवातीला माणूस मिळत नव्हता, नंतर शोधला नाही.

आमची धाकटी तुला आठवत असेल. काउंटरवर पाय हलवत बसायची आणि तू तिला स्क्रू निवडायला द्यायचास. ती आता इमारतींचं डिझाइन शिकते. तिचा कॉम्प्युटर जुना. चित्र जरा फिरवलं की अडकून बसायचा. तिने बाजारातला सगळ्यात नवा प्रोसेसर हेरून ठेवला होता. मी माझ्या सवयीने लगेच टाकू म्हणालो. तर तिनेच विचारलं, "बाबा, पण आपली रॅम त्याला चालेल का?" चालणार नव्हती. नव्याला पुढच्या पिढीची रॅम लागते, जुनी स्टिक त्या खाचेत बसतसुद्धा नाही. मग तिने ठरवलं की मदरबोर्ड आणि रॅम आहे तीच ठेवायची आणि या जोडीला झेपेल असा चांगल्यातला चांगला प्रोसेसर शोधायचा. दोन दिवस ती एकेकाचं माहितीपत्रक घेऊन बसली. तू बसायचास तशीच, ओळीवर बोट ठेवून.

मिळालाही एक. पण त्याच्या पत्रकात एक ओळ होती, ती तिने मोठ्याने वाचली. रॅमच्या दोन स्टिक लावल्या तर तिचा स्पीड इतका, चारही खाचा भरल्या तर त्याहून कमी. मी उगाच पाणी प्यायला उठलो.

तिला चार स्टिक हव्या होत्या. माझ्या कपाटात त्याच पिढीच्या चार होत्या, एका पाकिटात, वर माझ्या अक्षरात 'खराब' लिहिलेलं. आपल्या गिऱ्हाईक, त्या नकाशेवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या. मी म्हणालो, राहू दे त्या. तिने ऐकलं नाही. नवा प्रोसेसर बसवल्यावर आपल्या काढून त्या चार लावल्या, कमी स्पीडवर ठेवल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तपासणी चालवली. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी स्पीड चढवला, तर जेवणाच्या वेळेपर्यंत स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळींची रांग. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाली, "मग या खराब कशा? आणि मिस्तरीकाका दुकान सोडून गेले ते याच्यावरूनच ना?"

बाईंच्या मशीनचा प्रोसेसर मी बदलला होता. रॅम तू आणलेली, चारही खाचा भरून. मी फुशारकीने स्पीड वर नेला, बाईंना दाखवायला. तू तेव्हाच म्हणाला होतास, "या प्रोसेसरला चार स्टिक एवढ्या वेगात झेपायच्या नाहीत, खाली आण." मी हसण्यावारी नेलं. पुढे फायली बिघडत गेल्या आणि बाईंचे पाणीपुरवठ्याचे नकाशे, चार महिन्यांचं काम, उघडेनासे झाले. त्या दुकानात उभ्या राहून रडल्या. आणि मी तुझ्यादेखत म्हणालो, "रॅम याने आणली होती." तू माझ्याकडे पाहिलंस, बाईंची माफी मागितलीस, आणि आठवड्याभराने टेबल पुसून किल्ली माझ्या हातात दिलीस.

परवा मी बाईंकडे गेलो. त्या अजून नकाशेच काढतात, आता हाताखाली दोघी आहेत. मी सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "ते मिस्तरी महिनाभर रोज संध्याकाळी यायचे. जुन्या कागदांवरून आकडे वाचून दाखवायचे, मी काढायची. त्यांच्यामुळे माझं काम वेळेत गेलं. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. हातात काम नसताना तू माझी चूक निस्तरत होतास आणि माझ्याविरुद्ध त्यांच्याजवळ अवाक्षर काढलं नाहीस. "चूक कोणाची, असं मी एकदा विचारलं," त्या म्हणाल्या, "तर म्हणाले, आमच्या दुकानाची." मी चहा न घेता उठलो. जिन्यात थोडा वेळ बसून राहिलो.

आता खरं लिहितो. वर वाचताना तुला वाटलं असेल की पोरीच्या तपासणीमुळे मला आत्ता कळलं. तसं नाही. तू किल्ली देऊन गेलास त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या मशीनमध्ये दुसरी, नवी रॅम घातली. तीही चारच स्टिक. पुन्हा त्याच चुका. तेव्हा मी गुपचूप स्पीड खाली आणला आणि मशीन सुरळीत चाललं. तुझी रॅम चांगली होती हे मला त्या दुपारी कळलं होतं. तू अजून गावातच होतास, चालत दहा मिनिटांवर. मी पाकिटावर 'खराब' लिहिलं आणि कपाट लावून टाकलं. हे मी काल पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "हे काकांना कळवा, मला सांगून काय उपयोग?" म्हणून हे पत्र. परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. चूक माझी होती, मला ती तेव्हाच ठाऊक होती, आणि ती मी तुझ्या नावावर राहू दिली.

तुझाच,
दुकानातला भागीदार