अर्धी डिक्शनरी

नागपूर, फाल्गुन वद्य पंचमी

तीर्थरूप कवडूदादाले,
धाकट्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकला गेला, एवढं आईले मोठ्यानं वाचून दाखवजो. पुढचं मनातच वाच.

मॅट्रिकच्या इंग्रजीसाठी मी अन् आपल्या आळीतल्या संपतनं एकाच डिक्शनरीची वाटणी केली होती. एलपर्यंतचे शब्द मी पाठ करून त्याले शिकवाचे, पुढचे त्यानं मले. रोज संध्याकाळी तलावाच्या पायऱ्यांवर बसून मी माझा अर्धा भाग त्याले शिकवला. माग चालवल्यासारखा हात हलवल्याशिवाय मले शब्द आठवत नाही. पोरं हसत, तवा संपतच त्याईले दटावे.

त्याची पाळी आली, अन् तो डिक्शनरी घेऊन सदर मोहल्ल्यात त्याच्या मामाकडे राह्याले गेला. काल मी तिथं गेलो. दारातूनच म्हणे, "स्कॉलरशिप एकालेच भेटते. आता आपल्यात कॉम्पिटिशन आहे गा."

दादा, तो शब्द मीच त्याले शिकवला होता. जिभेवर बसत नव्हता, म्हणून घोटून घेतला होता.

परीक्षा सोमवारी आहे. घोर लावून घेऊ नको, येतात तेवढ्या शब्दांवर निभावून नेतो. तुझा खांदा अजून दुखते काय? गिऱ्हाइकाचं लग्नाचं लुगडं मागावरून उतरलं काय?

संपतच्या मायले काही बोलू नको. आई दरवेळी भिवापुरी मिरचीचा ठेचा दोघांपुरता बांधते, तो आता एकापुरताच बांधाले सांगजो. तिनं काहून म्हणून विचारलं, तर सांगजो, संपतले आता आपल्या घरचं तिखट चालत नाही.

तुझा,
मारोती