लाडू पुढे केला म्हणून

३ ऑक्टोबर २००६
कॉन्व्हेंटमध्ये नलू आणि मी सिस्टरांच्या तासाला बाकाखाली चिवडा खायचो. एकीने खोकायचं, तेवढ्यात दुसरीने चावायचं. आता दोघी परदेशात, आयसेलिन गावी भाड्याच्या किचनमध्ये विकायला दिवाळीचा फराळ करतोय. शुक्रवारी परवान्याची तपासणी. तो मिळाला नाही तर ऑर्डरी बंद. या वयात, या देशात, आमचं दोघींचं म्हणावं असं एवढंच आहे.

६ ऑक्टो.
तपासणी झाली. इन्स्पेक्टर तरुण, फार नम्र. फ्रिज, सिंक, झाकणं, सगळं ठीक म्हणाला. चहा-लाडू पुढे केला. "नो मॅम, चालत नाही." मला वाटलं, संकोच. पहिल्या वेळी हो कोण म्हणतं? तो निघताना लाडवांचा डबा त्याच्या गाडीत सीटवर ठेवलाच. नलू म्हणत होती, "राहू दे गं."

९ ऑक्टो.
डबा परत. त्याच्या वरच्या बाईंचा फोन: भेटवस्तूची नोंद केली आहे, दुसरा इन्स्पेक्टर पुन्हा तपासेल, तोवर परवाना थांबला. बेसनाचा लाडू, आणि भेटवस्तू. कपाळ माझं.

१० ऑक्टो.
नात ईरा, लेकीची, शाळेसाठी नेमकं हेच लिहितेय, शंभर वर्षांपूर्वीच्या इथल्या सुधारणा. "आजी, मीटवाले इन्स्पेक्टरना असंच खूश ठेवायचे. सडलेलं मीट पास व्हायचं." कारखानदार पुढाऱ्यांना निवडून आणत, पुढारी त्यांना सांभाळत. पेपरांनी उघडं पाडलं, लोक चिडले, मग कायदे.
"मी बेसन भाजते गं, मांस नाही."
"बट इन्स्पेक्टर कान्ट गो बाय युअर फेस, आजी. तुझा चेहरा बघून कसं ठरवणार तो?"
पटलं. पटलं म्हणूनच जास्त चिडचिड. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायचं, हे शिकायला आता किती वर्षं...

१७ ऑक्टो.
दुसरा इन्स्पेक्टर गुरुवारी. दिवाळी शनिवारी. नलू विचारते, "याला ओवाळायचंय का?" दिवसभर बोलले नाही तिच्याशी.
परवाना आला तर ऑर्डरी नेहमीसारख्या. नाही आला तर विकायचं नाही, वाटायचं. नलू, तुझ्यासाठी लिहून ठेवते, मी त्या दिवशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसेन. चकल्या देवळात. चिवडा पार्सलने लांब प्लेनोला माझ्या मुलाकडे, करंज्या नकोत, वाटेत मोडतात. शंकरपाळे शेजारच्या विद्यार्थ्यांना, जेवत नाहीत धड. ईराच्या टीचरना लाडू. पण निबंधाचे मार्क लागल्यावर, ईराने बजावलंय. तोवर डबा माझ्याकडे.