नाक्यावरचे शिपाई

मंगळवार, ४ मार्च
आधी नातीच्या कॉम्प्युटर-खेळाच्या क्लबातली चष्मेवाली आली. चपला न काढताच आत! मागून टोपीवाला, म्हणजे त्या क्लबचा म्होरक्या. पाणीसुद्धा नको म्हणाला. "तुमची नात लबाडी करते. आमचं सैन्य कुठून येतंय ते तिला आधीच दिसतं. नाव काढून टाकणार."

नात रडवेली. पण ती परीक्षेत गुंतलेली असताना तिच्या नावाने खेळत होतं कोण? मी! यंत्र रिकामं बसलेलं बघवत नाही मला.

म्हटलं, "बाबा रे, ती लबाड मीच."

हसला मेला! "आजी, तुम्ही रणगाडे चालवता?"

"उद्या ये. समोर बसून खेळ."

बुधवार, ५ मार्च
हरले.

सगळे मागे उभे, मला आली हुक्की – मीही रणगाडेच काढले! दिसायला दांडगी धुडं, पुलावरच अडकली. वरून टोपीवाल्याची विमानं. सगळं भुईसपाट! "बघितलंस?" म्हणतो कसा चष्मेवालीला. नात दार आपटून आत गेली. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझी खिडकी सोडून गेलीस कशाला?"

खरंय की!

गुरुवार, ६ मार्च
दोघांना परत बोलावलं. म्हटलं, अजून एक डाव. मग खुशाल काढ नाव.

रणगाडा एकही नाही. नेहमीसारखे स्वस्तातले शिपाई काढले, नाक्यानाक्यावर एकेक उभा केला. लढायचं नाही, नुसतं बघायचं – कोण आलं, कोण गेलं. दिवसभर खिडकीत मी दुसरं काय करते? वरच्या मजल्यावरची सून माहेराहून आलेली तिच्या सासूआधी मला कळते! उरलेल्या पैशांच्या तोफा, टेकाडामागे लपवून.

टोपीवाल्याचे रणगाडे ओढ्याकडून घुसले. तिथला शिपाई गेला बिचारा, पण त्याआधी मला सगळं दिसलं होतं. तोफा वळवल्या. धडाड्! उरलेले पळत सुटले. चष्मेवाली किंचाळली, "आजी, पाठलाग करा!"

"जाऊ दे. पळणाऱ्यामागे धावायला माझे गुडघे कुठेत?"

पळालेले पुन्हा आले, पुन्हा तोफांच्या तोंडी. डाव संपला. टोपीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पाणी मागितलं!

शुक्रवार, ७ मार्च
नातीचं नाव राहिलं. खाली माझंही घातलंय. रविवारी दुसऱ्या क्लबाशी सामना, आपल्याच घरी बसून खेळायचा. दोघं येणार आहेत. टोपीवाला म्हणाला, "आजी, सेनापती तुम्ही. मी नाक्यावर उभा राहतो."